स्काउट रायफल, मोडीतल्या लष्करी बंदुकीपासून

सैन्याने मोडीत काढलेल्या बोल्ट रायफलची (प्रत्येक बारानंतर बोल्ट हा दांडा हाताने मागेपुढे करून काडतूस भरायचे असते ती) नळी आखूड करून, कुंदा हलका करून आणि दुर्बीण नेहमीपेक्षा पुढे बसवून तिला स्काउट रायफलचे रूप देण्याचा छंद. तो मुख्यतः अमेरिकेतला.

मूळ कल्पना जेफ कूपर (१९२०–२००६) यांची. अमेरिकी मरीन दलातून निवृत्त झालेल्या कूपर यांनी अ‍ॅरिझोनात गनसाइट ही नेमबाजीची शाळा काढली आणि १९८० नंतरच्या दशकात या रायफलचे निकष पक्के केले. रानात एकट्याने फिरणाऱ्याला एकच रायफल सगळ्या कामांना पुरावी, हा हेतू. लांबी १ मीटरच्या आत, वजन दुर्बिणीसकट ३ किलो, फार तर साडेतीन, काडतूस शक्यतो .३०८ विंचेस्टर, दुर्बीण दोन-तीन पटींची. ऑस्ट्रियाच्या स्टायर कंपनीने याबरहुकूम केलेली रायफल १९९० नंतरच्या दशकाअखेरीस बाजारात आली, पण तिची किंमत सामान्य शिकाऱ्याच्या आवाक्याबाहेरची. लोक जुन्या लष्करी मालाकडे वळले ते त्यामुळे.

हा मेळ अपघाताने फार चांगला जमला. लष्करी रायफलचे मागचे लक्ष्यदर्शक नळीवर, बोल्टच्या बरेच पुढे असते. त्याची पट्टी काढली की त्याच बैठकीवर दुर्बिणीचा आधार बसतो. रिसीव्हरला, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या पोलादी भागाला, भोके पाडावी लागत नाहीत. बोल्टची मूठही वाकवावी लागत नाही, कारण तिच्या वाटेत दुर्बीण येतच नाही. पट्टीत ओवलेली पाच काडतुसे अंगठ्याने एका दमात खाली दाबून भरण्याची जुनी सोय शाबूत राहते, आणि कूपर यांना तीही हवीच होती. उणीव एवढीच की सूर्य पाठीशी असला तर भिंगावर चकाकी येते, आणि तिन्हीसांजेला असली दुर्बीण अगदीच पांगळी.

कोणती बंदूक घ्यावी याबाबत मतभेद पुष्कळ. स्पेनची एफआर-८ मूळचीच आखूड आणि ७.६२ मिमीची (.३०८ शी जवळपास सारखेच काडतूस), म्हणजे निम्मे काम झालेलेच. रशियन मोसिन-नागां सर्वांत स्वस्त, पण ९१/३० नमुना सव्वा मीटरच्या आसपास लांब नि चार किलोचा. कितीही छाटला तरी बोल्टचा अडेलतट्टूपणा जात नाही. १८९८ पूर्वीच्या माउझर या जर्मन घडणीच्या रायफलींना बोल्टचा तिसरा, सुरक्षेचा खुंट नसतो. त्यांवर जोरकस काडतूस चालवण्याआधी जाणत्या कारागिराकडून तपासणी करून घेणे हाच शहाणपणा.

भारताचा दुवा पश्चिम बंगालमधल्या ईशापूरचा. १९६२ च्या चीन युद्धानंतर तिथल्या सरकारी कारखान्याने ली-एन्फिल्ड या जुन्या ब्रिटिश लष्करी रायफलची ७.६२ मिमी नाटो काडतुसाची आवृत्ती काढली. २ए आणि २ए१ या तिच्या रूपांसाठी पोलाद अधिक मजबूत वापरले आणि मॅगझिन बारा काडतुसांचे दिले. अमेरिकेत विकल्या गेलेल्या या रायफली स्काउट करणाऱ्यांच्या खास आवडीच्या ठरल्या. नेहमीच्या .३०३ एन्फिल्डला मात्र नुसती नळी बदलून ७.६२ करणे धोक्याचे.

‘स्वस्त’ हे विशेषण आता फारसे उरलेले नाही. शंभर डॉलरच्या आत मिळणाऱ्या मोसिनचे दिवस गेले. नळी, कुंदा, दुर्बीण आणि मजुरी धरली तर कारखान्यातली नवी रायफल सहसा परवडते. शिवाय न छाटलेल्या जुन्या बंदुकीला संग्राहक जास्त मोजतात. बैठकीवरचा आधार पुन्हा काढता येतो, कापलेली नळी जोडता येत नाही.

भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ६ नुसार परवान्याशिवाय नळी आखूड करणे गुन्हा आहे, आणि .३०३ किंवा ७.६२ मिमीची रायफल सामान्य नागरिकाला एरवीही मिळत नाही.