दोई मोई : व्हिएतनाममधील आर्थिक फेररचना

व्हिएतनामच्या कम्युनिस्ट पक्षाने डिसेंबर १९८६ मधील सहाव्या राष्ट्रीय अधिवेशनात स्वीकारलेले आर्थिक धोरण. नियोजनबद्ध अर्थव्यवस्थेकडून बाजारव्यवस्थेकडे जाताना पक्षाची एकहाती सत्ता मात्र कायम ठेवायची, असे त्याचे स्वरूप होते. धोरणाचा जन्म अधिवेशनाच्या सभागृहात झाला असे पाठ्यपुस्तके सांगतात. प्रत्यक्षात गावोगावचे भातशेतकरी आणि काही हिकमती प्रांताधिकारी जे चोरून करत होते, त्याला पक्षाने वीस वर्षांनी मान्यता दिली, असे म्हणणे अधिक खरे ठरेल.

शिध्याचा काळ. १९७५ मध्ये युद्ध संपले आणि पुढच्या वर्षी उत्तर व दक्षिण व्हिएतनाम एक झाले. उत्तरेतील सामुदायिक शेती दक्षिणेवरही लादण्यात आली. १९७८ मध्ये दक्षिणेतील खासगी व्यापार बंद झाला. त्याची सर्वांत मोठी झळ चिनी वंशाच्या व्यापाऱ्यांना बसली आणि त्यांतले अनेकजण देश सोडून गेले. मेकाँगच्या खोऱ्यातील शेतकऱ्यांनी सामुदायिक शेतीला उघड विरोध केला नाही. त्यांनी पिकवणेच कमी केले. त्यातच कंबोडियातील युद्ध, १९७९ च्या आरंभी चीनशी झालेला संघर्ष आणि अमेरिकेची व्यापारबंदी. देश सोव्हिएत मदतीवर कसाबसा तग धरून होता.

या काळाला व्हिएतनाममध्ये ‘बाओ काप’, म्हणजे सारे काही सरकारने पुरवण्याचा काळ, म्हणतात. तांदूळ, मांस, कापड, रॉकेल सगळे कुपनांवर मिळे. पहाटेच्या रांगेत आपल्या जागी वीट किंवा फुटकी टोपली ठेवून लोक दुसऱ्या कामाला जात. तांदळाचे शिधापुस्तक हरवणे ही घरावर कोसळलेली आपत्तीच. एखाद्याचा चेहरा पडलेला दिसला तर ‘तांदळाचे पुस्तक हरवल्यासारखे तोंड’ असे अजूनही म्हणतात.

चोरटा खंड. सामुदायिक शेतीत कामाचे गुण मिळत आणि गुणांवर धान्याची वाटणी होई. कोण किती मन लावून राबला, याचा त्या गुणांशी फारसा संबंध नसे. घरामागच्या भाजीपाल्यासाठी कुटुंबांकडे ठेवलेली सुमारे ५ टक्के जमीन मात्र हिरवीगार असायची आणि घरखर्चाचा मोठा भार तीच उचलायची. हा विरोधाभास सगळ्यांनाच दिसत होता.

हनोईलगतच्या विन्ह फुक प्रांताचे पक्षसचिव किम न्गोक यांनी १९६६ मध्ये त्यावर उपाय काढला. शेताचा तुकडा कुटुंबाकडे सोपवायचा, ठरलेले धान्य सामुदायिक शेती चालवणाऱ्या सहकारी संस्थेला द्यायचे, उरलेले घरात. उत्पन्न वाढले, पण १९६८ मध्ये पक्षाचे ज्येष्ठ नेते त्रुओंग चिन्ह यांनी या प्रयोगाचा जाहीर समाचार घेतला आणि तो बंद पडला. किम न्गोक १९७९ मध्ये वारले. सरकारने त्यांचा गौरव केला तो मरणोत्तर, १९९५ मध्ये आणि पुन्हा २००९ मध्ये.

प्रयोग बंद झाला तरी पद्धत थांबली नाही. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस हायफाँग या उत्तरेतील बंदराच्या परिसरात आणि इतरत्र हा ‘चोरटा खंड’, म्हणजे ठरलेल्या धान्याच्या बदल्यात कुटुंबाला लपूनछपून शेत कसायला देणे, चालूच होता. जानेवारी १९८१ मध्ये पक्षाने ‘निर्देश १००’ काढून त्याला अर्धीमुर्धी मान्यता दिली. नांगरट, पाणी, बियाणे, खत आणि कीडनियंत्रण संस्थेने पाहायचे. लावणी, राखण आणि कापणी कुटुंबाने करायची, आणि ठरलेल्या वाट्यापेक्षा जास्त पिकले तर ते कुटुंबाचे. पहिली काही वर्षे भाताचे पीक वाढले. मग संस्थांनी ठरलेला वाटाच वाढवत नेला आणि शेतकऱ्याच्या हाती फारसे उरेना. अनेकांनी जमिनी परत केल्या.

कुंपण तोडणारे. शहरांतही नियम असेच वाकवले जात होते. या प्रकाराला व्हिएतनामीत ‘फा राओ’, म्हणजे कुंपण मोडणे, म्हणतात. मेकाँगच्या खोऱ्यात भात पडून होते, तरी शेजारच्या हो चि मिन्ह शहरात तांदळाची टंचाई होती. सरकारी खरेदीभाव बाजाराच्या जेमतेम चौथा-पाचवा हिस्सा, मग शेतकरी विकणार कशाला? शहराचे पक्षनेते व्हो व्हान किएत यांनी धान्य कंपनीच्या प्रमुख बा थी यांना बाजारभावाने खरेदी करायला सांगितले. हा सरळसरळ नियमभंग होता. तुरुंगात जावे लागले तर जेवणाचा डबा मी आणून देईन, असे किएत त्यांना म्हणाल्याची आठवण तिथे आजही सांगितली जाते. डबा पोचवायची वेळ आली नाही. किएत १९९१ मध्ये पंतप्रधान झाले.

कारखान्यांसाठीही जानेवारी १९८१ मध्येच सूट मिळाली. सरकारी उद्दिष्ट पुरे केल्यावर स्वतः कच्चा माल मिळवून जास्तीचे उत्पादन विकण्याची मुभा देण्यात आली. एकाच कारखान्यात एकाच वस्तूचे दोन भाव सुरू झाले. या फटीतून पुष्कळ पैसा झिरपला, भ्रष्टाचारही झाला. पण बाजारात व्यवहार कसा करायचा याची तालीम व्यवस्थापकांना इथेच मिळाली.

१९८५ ची फसगत आणि १९८६ चे अधिवेशन. सप्टेंबर १९८५ मध्ये सरकारने भाव, पगार आणि चलन या तिन्हींना एकदम हात घातला. जुन्या १० डाँगला नवा १ डाँग असा बदल झाला. सूत्रे तो हू यांच्याकडे होती. ते देशाचे नामवंत कवी आणि उपपंतप्रधान. अर्थसंकल्पातील तूट तशीच राहिली, तिची भरपाई नोटा छापून झाली आणि १९८६ मध्ये चलनवाढ ७०० टक्क्यांच्या पलीकडे गेली. तो हू यांचे पद गेले.

जुलै १९८६ मध्ये सरचिटणीस ले डुआन वारले आणि त्यांच्या जागी काही महिन्यांसाठी आले ते त्रुओंग चिन्ह, किम न्गोक यांना मोडीत काढणारे. १९८५ च्या आधी त्यांनी प्रांतोप्रांती फिरून परिस्थिती पाहिली होती. आयुष्यभर कट्टर मानल्या गेलेल्या या नेत्याने अधिवेशनाचा अहवाल नव्याने लिहून घेतला आणि त्यात पक्षाच्या चुकांची स्पष्ट कबुली दिली. अधिवेशनाने न्गुयेन व्हान लिन्ह यांना सरचिटणीस निवडले.

१९८८–८९ : खरा बदल. अधिवेशनाने दिशा दिली, पण पुढच्या दीड वर्षात फारसे घडले नाही. १९८८ च्या आरंभी उत्तरेतील काही प्रांतांत अन्नटंचाईने उपासमार झाली. त्याच एप्रिलमध्ये ‘ठराव १०’ आला. शेतीचा मूळ घटक कुटुंब, जमीन पंधरा वर्षांच्या मुदतीने त्याच्याकडे, आणि ठरलेल्या उत्पन्नापैकी किमान ४० टक्के त्याच्या पदरात, असे त्याने ठरवले. १९८८ पर्यंत तांदूळ आयात करणाऱ्या व्हिएतनामने १९८९ मध्ये सुमारे १४ लाख टन तांदूळ निर्यात केला आणि निर्यातदार देशांत एकदम तिसरे स्थान मिळवले. एका वर्षात जमिनीचा कस बदलत नाही. बदलले होते ते कष्टाचे मोल आणि धान्य बाहेर काढण्याचा उत्साह.

१९८९ च्या वसंतात बहुतेक सरकारी भाव मोकळे केले गेले, डाँगचा सरकारी दर काळ्या बाजाराच्या जवळ आणला गेला आणि मुदत ठेवींवर महिन्याला १२ टक्क्यांपर्यंत व्याज जाहीर झाले. साठेबाजी करून ठेवलेला माल आणि सोने सोडून लोक बँकेकडे वळले. आदल्या वर्षी ३०० टक्क्यांच्या वर असलेली चलनवाढ ३५ टक्क्यांच्या आसपास उतरली. रशिया आणि पूर्व युरोपने झटक्यात सुधारणा केल्या, चीन-व्हिएतनामने हळूहळू, अशी मांडणी नेहमी केली जाते. व्हिएतनामचे १९८९ तिच्यात बसत नाही. ते झटक्याचेच वर्ष होते. फरक एवढाच की बहुसंख्य लोक शेतीत होते आणि भाव मोकळे होताच त्यांना तोटा नव्हे, फायदा झाला. शिवाय हे सारे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या कर्जाविना झाले. ते कर्ज पुन्हा सुरू झाले १९९३ मध्ये. १९९१ मध्ये सोव्हिएत मदत आटली, तेव्हा बाख हो या समुद्रातील तेलक्षेत्राने परकीय चलनाची बाजू सावरली. तिथले उत्पादन १९८६ मध्ये सुरू झाले होते. हे नशीब अहवालांत क्वचितच नोंदले जाते.

व्यापार आणि परकीय भांडवल. परकीय गुंतवणुकीचा कायदा डिसेंबर १९८७ मध्येच झाला होता. अमेरिकेने फेब्रुवारी १९९४ मध्ये व्यापारबंदी उठवली, १९९५ मध्ये राजनैतिक संबंध जोडले आणि त्याच वर्षी व्हिएतनाम आसिआन या आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेचा सदस्य झाला. अमेरिकेशी द्विपक्षीय व्यापार करार डिसेंबर २००१ मध्ये लागू झाला, जानेवारी २००७ मध्ये जागतिक व्यापार संघटनेचे सदस्यत्व मिळाले आणि ऑगस्ट २०२० मध्ये युरोपीय संघाशी मुक्त व्यापार करार अमलात आला. प्रत्येक करार देशांतर्गत सुधारकांनी विरोधकांना गप्प करण्यासाठीही वापरला.

बाजार उघडले तसे तंटेही आले. मेकाँगच्या तळ्यांत वाढणारा मासा अमेरिकेत स्वस्त पडू लागल्यावर तिथल्या मत्स्यपालकांनी त्याला ‘कॅटफिश’ म्हणण्यावरच कायद्याने बंदी आणली आणि २००३ मध्ये त्यावर डंपिंगविरोधी, म्हणजे अवाजवी स्वस्तात येणाऱ्या मालावरचा, कर लागला. आपल्याकडच्या हॉटेलांच्या मेनूत ‘बासा’ म्हणून दिसणारा मासा तो हाच. कॉफीचे तर वेगळेच झाले. मध्य पठारावरील डाक लाक प्रांतात रोबस्टा या कॉफीच्या जातीची लागवड इतकी फोफावली की ब्राझीलनंतर व्हिएतनामचा क्रमांक लागला, पण २००१ च्या सुमारास जागतिक भाव कोसळले. पठारावरील एदे आणि जराई जमातींच्या जमिनी स्थलांतरित बागायतदारांकडे गेल्या होत्या. फेब्रुवारी २००१ मध्ये तिथे मोठी निदर्शने झाली.

बाक निन्ह प्रांतात सॅमसंगने २००९ मध्ये मोबाइलचे उत्पादन सुरू केले आणि निर्यातीचे चित्रच पालटले. २०२४ मध्ये मालाची निर्यात ४०० अब्ज डॉलरच्या पुढे गेली. पण तिचा सुमारे ७० टक्के वाटा परकीय कंपन्यांचा होता. सुटे भाग बाहेरून येतात, जोडणी इथे होते, आणि स्थानिक पुरवठादारांच्या वाट्याला बहुधा खोकी आणि प्लॅस्टिकची कवचे येतात. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने ४६ टक्के आयातशुल्क जाहीर केले आणि जुलैमध्ये ते २० टक्क्यांवर आणले, तेव्हा एकूण निर्यातीचा जवळपास तिसरा हिस्सा एकाच ग्राहकाकडे जातो ही जुनी चिंता एकदम वर आली.

फलित आणि उणिवा. राष्ट्रीय निकषानुसार दारिद्र्याचे प्रमाण १९९३ मधील ५८ टक्क्यांवरून २००८ पर्यंत १४.५ टक्क्यांवर आले. ऐंशीच्या दशकात भारतापेक्षा गरीब असलेल्या या देशाचे दरडोई उत्पन्न आज भारताच्या दीडपटीहून अधिक आहे. सरकारी उद्योगांच्या बाबतीत मात्र पक्षाने हात आखडताच ठेवला. विनाशिन या सरकारी जहाजबांधणी समूहावर चार अब्ज डॉलरहून अधिक कर्ज साचले आणि २०१० मध्ये तो हप्ते चुकवू लागला.

जमिनीचा प्रश्न सर्वांत नाजूक. १९९३ च्या कायद्याने शेतकऱ्याला हस्तांतर, अदलाबदल, भाडेपट्टा, वारसा आणि तारण हे पाच हक्क दिले, मालकी मात्र ‘सर्व जनतेची’ राहिली. हंगामी पिकांच्या जमिनीची मुदत २० वर्षांची होती. जानेवारी २०१२ मध्ये हायफाँगजवळ तिएन लांग येथे खाजण बांधून मासे वाढवणाऱ्या एका कुटुंबाने जमीन परत घ्यायला आलेल्या पोलिसांवर गावठी सुरुंग आणि बंदुका चालवल्या. कुटुंबातल्यांना तुरुंगवास झाला, पण जमीन काढून घेणे बेकायदेशीर होते, असे पंतप्रधानांनाही जाहीर करावे लागले. पुढच्या वर्षीच्या कायद्याने मुदत ५० वर्षांवर नेली. मालकीचे कलम जसेच्या तसे राहिले, आणि ऑगस्ट २०२४ पासून लागू झालेल्या नव्या जमीन कायद्यातही ते तसेच आहे.