मेंदूतल्या एव्हीएमवर जनआरोग्य योजनेतून उपचार: पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची वाट

धमनीतलं रक्त केशिकांच्या बारीक जाळ्यातून शिरेत उतरतं, तेव्हा वाटेत त्याचा दाब कमी होतो. एव्हीएममध्ये, म्हणजे धमन्या आणि शिरा थेट जोडल्या जाऊन झालेल्या रक्तवाहिन्यांच्या गुंत्यात, ते जाळंच नसतं. धमनीचा पूर्ण दाब थेट पातळ भिंतीच्या शिरेवर येतो. मेंदूतला असा गुंता फुटण्याचा धोका वर्षाला साधारण 2 ते 4 टक्के असतो. फुटला तर कागदांसाठी थांबू नका, आधी दाखल करा. तातडीच्या केसमध्ये आरोग्यमित्र, म्हणजे रुग्णालयात मदतीला असलेले योजनेचे कर्मचारी, फोनवरून कळवून मंजुरी घेऊ शकतात.

महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेत 1 जुलै 2024 पासून महाराष्ट्रातल्या सर्व कुटुंबांना वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे, पांढरं रेशनकार्ड असलं तरी. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेशी जोडलेल्या (अंगीकृत) रुग्णालयातल्या आरोग्यमित्रांना भेटा. न्यूरोसर्जरी आणि डीएसएची (रक्तवाहिन्यांत रंगद्रव्य सोडून त्यांची चित्रं घेणाऱ्या तपासणीची) सोय तिथे आहे का, हे मात्र आधीच विचारा.

खरी मदार असते वैद्यकीय कागदांवर. एमआरआय लागतोच, पण निर्णय ठरतो डीएसएवर. जांघेतून किंवा मनगटातून नळी घालून रंगद्रव्य सोडलं की कोणती धमनी गुंत्याला रक्त पुरवते आणि ते कुठल्या शिरेतून बाहेर पडतं, ते दिसतं. या तपासणीच्या नुसत्या रिपोर्टवर समाधान मानू नका, सीडीही मागून घ्या; दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेताना तीच लागते.

डॉक्टरांकडून उपचारांचा आराखडा लेखी घ्या. गुंत्यात ग्लू किंवा ऑनिक्स (आत गेल्यावर घट्ट होणारा द्रव) भरण्याचं काम, म्हणजे एम्बोलायझेशन, अनेकदा टप्प्याटप्प्याने होतं. त्यामुळे किती टप्पे आणि पुढे शस्त्रक्रिया की गामा नाइफ (गुंत्यावर नेमके किरण सोडण्याचा उपचार), हे पूर्वमान्यतेआधीच, म्हणजे उपचारासाठी योजनेची मंजुरी घेण्याआधीच, स्पष्ट असू द्या. गामा नाइफनंतर वाहिन्या बंद व्हायला 2-3 वर्षं लागतात, तोवर धोका राहतो. फाइल जपून ठेवा.

खर्च योजनेच्या मर्यादेबाहेर गेला तर धर्मादाय रुग्णालयं आहेत. वार्षिक उत्पन्न 1 लाख 80 हजारांपर्यंत असेल तर मोफत, 3 लाख 60 हजारांपर्यंत असेल तर सवलतीत उपचार, प्रत्येकी 10 टक्के खाटांवर. मुख्यमंत्री सहायता निधीसाठी 1 लाख 60 हजारांच्या आतला तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. खाजगी रुग्णालय असेल तर खर्चाचं अंदाजपत्रक जिल्हा शल्यचिकित्सकांकडून प्रमाणित करून घ्यावं लागतं. निधीची रक्कम रुग्णालयाच्या खात्यात जमा होते. बिल भरून झाल्यावर परतावा मिळत नाही, म्हणून अर्ज उपचाराआधी किंवा रुग्ण दाखल असतानाच करा.