थोल : सोसण्याचे जुने इंग्रजी क्रियापद

लंडनच्या वर्तमानपत्रात ‘थोल’ हे क्रियापद क्वचितच दिसेल. स्कॉटलंडमध्ये आणि उत्तर आयर्लंडच्या अल्स्टर भागात मात्र ते अजून लोकांच्या तोंडी आहे. अर्थ सोसणे. दुखणे, थंडी, घरातला मृत्यू, जे टळण्यासारखे नाही ते झेलत राहणे.

जुन्या इंग्रजीत त्याचे रूप ‘थोलियान’ होते. ‘बेवुल्फ’ या 3182 ओळींच्या काव्यात ते फार लवकर भेटते. ग्रेंडेल हा राक्षस रात्री राजा ह्रोथगारच्या दालनात शिरतो आणि झोपलेले 30 योद्धे उचलून नेतो. सकाळी त्याच्या पावलांच्या खुणा दिसतात. एवढा बलाढ्य राजा, पण तो खिन्न होऊन बसून राहतो. तिथे कवीने हेच क्रियापद योजले आहे. लढायला समोर शत्रूच नाही अशा वेळचे हे सोसणे आहे. त्याच काळातल्या कायद्यांत या क्रियापदाला ‘मुकणे’ असाही अर्थ होता : अपराधी आपल्या मालमत्तेला ‘थोले’, म्हणजे ती गमावून बसे.

मूळ आणखी मागे जाते. उचलणे, भार पेलणे या अर्थाच्या एका प्राचीन इंडो-युरोपीय धातूपासून हे कुळ निघाले. जर्मनमधला ‘गेडुल्ड’ (धीर) त्यातलाच. लॅटिनमधून इंग्रजीत आलेला ‘टॉलरेट’ही (सहन करणे) त्यातलाच. आणि संस्कृत ‘तुला’देखील, म्हणजे आपले तोलणे आणि तोळा थोलचे दूरचे भाऊबंद ठरतात. मला हे नाते फार मोलाचे वाटते, कारण भार पेलणे ही मूळ कल्पना दोन्हीकडे शाबूत आहे.

1066 मध्ये फ्रान्समधून येऊन इंग्लंड जिंकलेल्या नॉर्मन राज्यकर्त्यांबरोबर फ्रेंच शब्द आले. दक्षिणेत ‘सफर’ (suffer) आणि ‘एन्ड्युअर’ या सोसण्याच्याच अर्थाच्या क्रियापदांनी हळूहळू थोलची जागा घेतली. उत्तरेत ते टिकले. तिथल्या नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातून आलेल्या, वसाहतकऱ्यांच्या भाषेतही त्याचे जुळे रूप होते, त्याचाही आधार मिळाला असावा. स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सने 1785 मध्ये नांगराखाली घरटे मोडलेल्या उंदरावर कविता लिहिली. बेघर झालेल्या त्या जिवाला आता हिवाळ्यातला बर्फाळ पाऊस ‘थोलायचा’ आहे, असे तो म्हणतो.

स्कॉटलंडच्या न्यायालयात हा शब्द परिभाषेचा भाग झाला. ज्याच्यावर एकदा खटला चालून निकाल लागला, त्याने आपला खटला ‘थोलला’, त्याच आरोपाखाली त्याला पुन्हा उभे करता येत नाही, असा तिथला जुना नियम. 2011 च्या कायद्याने त्याला काही अपवाद ठेवले. 1977 मध्ये एडिंबरातून बेपत्ता झालेल्या दोन तरुणींच्या खुनांचा खटला 2007 मध्ये कोसळला होता; नव्या कायद्यामुळे तो पुन्हा उभा राहिला आणि 2014 मध्ये आरोपी दोषी ठरला.

अल्स्टरमध्ये हा शब्द स्कॉटिश वसाहतकऱ्यांबरोबर गेला. 1609 पासून तिथे त्यांना जमिनी दिल्या जाऊ लागल्या. पुढे या प्रोटेस्टंट वसाहतकऱ्यांहून वस्ती वेगळी, पंथ वेगळा असलेल्या कॅथलिक शेतकऱ्यांच्या घरांतही तो रुळला. कवी शेमस हीनी अशाच घरातला. ‘बेवुल्फ’चे भाषांतर करताना ‘थोलियान’ हा शब्द त्याला आधी परका वाटला, मग लक्षात आले की हा तर आपल्या मावशी-काकवांच्या पिढीचा शब्द. घरात मृत्यू झालेल्या एका कुटुंबाविषयी त्याच्या नात्यातली बाई म्हणाली होती, ‘आता त्यांना थोलायला शिकावंच लागेल.’ त्यामुळे हे काव्य आपलेही आहे, असे त्याला वाटू लागले. त्याचे भाषांतर 1999 मध्ये आले. त्यात पहिल्या पंधरा-एक ओळींतच, राजाविना दिवस काढलेल्या डेनिश लोकांबद्दल, ‘थोल’ आहे. मूळ काव्यात त्या जागी सोसण्याचे दुसरेच क्रियापद आहे.