प्रार्थनेत शब्द संपले की वचन उघडायचं, ही सवय आली कुठून?

प्रार्थनेला बसलं की दोन मिनिटांत शब्द संपतात आणि मन कुठल्या कुठे जातं, हे खूप विश्वासणारे मोकळेपणाने सांगतात, आणि त्यातले बरेच जण मग स्वतःलाच दोष देत बसतात की आपला विश्वासच कमी पडतोय. मला वाटतं याचं एक कारण म्हणजे आपण धरून चाललोय की खरी प्रार्थना स्वतःच्याच शब्दांत आणि मनातून आपोआप आली पाहिजे. पण इतिहास बघितला तर गोष्ट उलटी दिसते, आधी देवाचं वचन आणि मग माणसाचं उत्तर, हाच क्रम फार जुना आहे.

बायबलमधल्या स्तोत्रांच्या पुस्तकात, पहिल्याच स्तोत्रात म्हटलंय की धन्य माणूस नियमशास्त्राचं रात्रंदिवस मनन करतो. तिथे जो मूळ हिब्रू शब्द आहे, ‘हागा’, त्याचा अर्थ डोळे मिटून शांत विचार करणं एवढाच नाही, पुटपुटणं असाही आहे. यशयाच्या पुस्तकात शिकारीवर गुरगुरणाऱ्या सिंहासाठी हाच शब्द येतो आणि कण्हणाऱ्या पारव्यासाठीही हाच. म्हणजे मनन हे ओठांवरचं काम होतं, वचन तोंडात घोळवत राहायचं. त्यामुळेच मग संकटात तोंडातून तेच निघायचं. माशाच्या पोटातल्या योनाची प्रार्थना वाचा, जवळजवळ प्रत्येक ओळीत स्तोत्रांचे शब्द ऐकू येतात. येशूची आई मरीया, तिच्या गीतात जुन्या करारातल्या हन्नाची प्रार्थना ऐकू येते. आणि येशू स्वतः अरण्यात सैतानाला तिन्ही वेळा जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातल्या वचनाने उत्तर देतो, आणि वधस्तंभावर त्याच्या तोंडी ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ हे येतं तेही २२ व्या स्तोत्राचं पहिलं वाक्य. हे वाचून मला दर वेळी धीर येतो, कारण देवाच्या पुत्रालाही त्या घडीला उसने शब्द चालले तर आपल्याला का नाही चालणार.

भरवशाचा मुद्दा इथेच आहे. १५० स्तोत्रांमध्ये नुसती स्तुती नाहीये, तक्रार आहे, रडणं आहे, ‘कुठवर?’ असा थेट प्रश्न आहे, ८८ वं स्तोत्र तर अंधारातच संपतं. आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. म्हणजे देवाशी असं बोलायची मुभा देवानेच दिलीय.

पुढे चौथ्या-पाचव्या शतकात इजिप्तच्या वाळवंटातल्या संन्याशांनी हे जपलं. त्यांच्याकडून शिकून आलेल्या जॉन कॅसियनने लिहून ठेवलंय की ७० व्या स्तोत्राची पहिली ओळ, देवा मला सोडव, लवकर माझ्या मदतीला ये, एवढीच कामात, प्रवासात, झोपताना सतत म्हणत राहायची. सहाव्या शतकात बेनेडिक्टने मठांसाठी नियमच केला की सगळी १५० स्तोत्रं आठवड्यात म्हणून झाली पाहिजेत. बाराव्या शतकात ग्विगो नावाच्या मठवासीयाने वाचन, मनन, प्रार्थना आणि चिंतन अशा चार पायऱ्या सांगितल्या, आणि उदाहरण दिलं जेवणाचं, घास तोंडात घ्यायचा, चावायचा, मग चव लागते, मग तृप्ती. चावल्याशिवाय चव कशी लागणार!

पण माझं सगळ्यात आवडतं पान १५३५ सालचं आहे. जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरच्या न्हाव्याने, पीटरने, त्याला विचारलं की प्रार्थना करायची कशी, आणि एवढ्या मोठ्या पंडिताने त्याच्यासाठी एक छोटं पुस्तकच लिहिलं. त्यात तो आधी स्वतःचंच सांगतो, की माझं मन प्रार्थनेत थंड पडतं तेव्हा मी स्तोत्रांचं पुस्तक घेऊन खोलीत जातो आणि लहान मुलासारखं दहा आज्ञा, विश्वासांगीकार (म्हणजे आपण काय मानतो त्याची ठरलेली कबुली), एखादं स्तोत्र स्वतःशीच तोंडाने म्हणतो. मग एकेका आज्ञेचे चार पदर करायचे, यातून मला काय शिकायचंय, कशाबद्दल आभार मानायचेत, काय कबूल करायचंय आणि काय मागायचंय. आणि लक्ष द्यायचं कसं तर चांगल्या न्हाव्यासारखं, नजर वस्तऱ्यावर आणि केसांवर, गप्पांत रमला तर समोरच्याचं नाक नाहीतर गळा कापेल. न्हाव्याला न्हाव्याच्याच कामातून समजावलंय. मधेच एखाद्या विचारात पवित्र आत्मा बोलायला लागला तर बाकीचं सोडून गप्प बसून ऐक, हेही तो सांगतो.

तीनशे वर्षांनी इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला जॉर्ज म्यूलर नावाचा धर्मोपदेशक होता. ५ डिसेंबर १८३५ ला वाचताना ८१ व्या स्तोत्रातली ओळ समोर आली, तू आपलं तोंड चांगलं उघड, मी ते भरीन, आणि त्याच ओळीच्या भरवशावर त्याने अनाथाश्रमासाठी जागा, एक हजार पौंड आणि योग्य माणसं मागितली. पुढच्याच वर्षी आश्रम सुरू झाला. तरी याच माणसाने लिहून ठेवलंय की बरीच वर्षं तो सकाळी उठल्या उठल्या प्रार्थनेला बसायचा आणि कधीकधी पहिली दहा मिनिटं, पाव तास, अगदी अर्धा तास मन भटकण्यातच जायचा. १८४१ मध्ये त्याने क्रम बदलला, आधी नवा करार उघडून थोडंथोडं वाचायचं, त्यावर मनन करायचं, प्रार्थना करायचीच असं ठरवून बसायचं नाही. आणि मग, तो सांगतो, थोड्याच मिनिटांत त्या वाचनातूनच कधी पापाची कबुली, कधी उपकारस्तुती तर कधी दुसऱ्यांसाठी विनवणी आपोआप सुरू व्हायची.