जॅमच्या लेबलवरचा ४४०

जॅमच्या बाटलीवर ‘आयएनएस ४४०’ (आयएनएस म्हणजे खाद्यपदार्थांत घालायच्या घटकांची आंतरराष्ट्रीय क्रमांक-यादी) दिसलं की ‘केमिकल आहे, मुलांना देऊ नका’ असे मेसेज फिरू लागतात. हा ४४० म्हणजे पेक्टिन, जॅमला घट्टपणा देणारा फळांतलाच पदार्थ. पेरूत, सफरचंदात ते मुळातच असतं. गोव्यात नाताळला होणारी पेराद, म्हणजे पेरूची मिठाई, त्याच्याच जोरावर वड्या पाडण्याइतकी घट्ट होते. कारखाने मात्र ते मुख्यतः लिंबूवर्गीय फळांच्या सालींतून काढतात. रस काढल्यावर फळाचं जवळजवळ निम्मं वजन साल-चोथा म्हणून उरतं. वाळलेल्या सालीत साधारण २० ते ३० टक्के पेक्टिन असतं, त्यातलं बरंचसं आतल्या पांढऱ्या थरात.

खरी गंमत त्याच्या रेणूत आहे. पेक्टिन म्हणजे गॅलॅक्ट्युरॉनिक आम्लाची लांबच लांब माळ. माळेतल्या काही मण्यांवर मिथाइल नावाचे छोटे रासायनिक गट बसलेले असतात, बाकीचे उघडे. पाण्यात उघड्या मण्यांवर ऋण विद्युतभार येतो, म्हणून माळा एकमेकींना दूर ढकलतात. आम्ल घातलं की तो भार उतरतो, भरपूर साखर पाणी धरून ठेवते, माळा जवळ येऊन जागोजागी चिकटतात आणि त्या जाळ्यात उरलेलं पाणी अडकतं. झाला जॅम! निम्म्याहून जास्त मण्यांवर मिथाइल असलेल्या पेक्टिनची ही रीत. मिथाइल कमी असेल तर साखरेची गरज फारशी उरत नाही. कॅल्शियमचे दुहेरी धनभार दोन माळांना बांधतात. कमी साखरेचे जॅम असेच जमतात.

म्हणूनच साल शिळी होऊन चालत नाही. सालीतच पेक्टिन मिथाइलएस्टरेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं. फळ पिळलं की ते मोकळं होतं आणि मिथाइल गट सलग काढत सुटतं, मग साखर-आम्लाची ती रीत नीट जमत नाही. ठेवलेल्या संत्र्याच्या रसात वर निवळ पाणी आणि खाली गाळ दिसतो, त्यामागेही हेच विकर आणि रसातलं कॅल्शियम. ओल्या सालीवर बुरशी आली तर तिची विकरं माळाच तोडतात. त्यामुळे साल लगेच धुऊन वाळवावी लागते. मग ७० ते ९० अंश सेल्सिअसच्या आम्लयुक्त पाण्यात पेक्टिन उतरवायचं, गाळायचं आणि अल्कोहोल घालायचं. क्षणात पांढरट, तंतुमय गोळे वर येतात. ते पिळून, वाळवून दळले की पूड तयार. खाद्य दर्जासाठी तिच्यात किमान ६५ टक्के गॅलॅक्ट्युरॉनिक आम्ल लागतं.

‘सालीचं पाणी प्या, चरबी वितळेल’ हा दावा मात्र निराधार आहे. पेक्टिन पाण्यात विरघळणारा तंतू आहे, कोलेस्टेरॉलवर त्याचा थोडा परिणाम होतो. पण साध्या पाण्यात साल उकळून ते फारसं उतरतच नाही, आणि चरबी तर ते मुळीच वितळवत नाही.

विदर्भातला संत्रा बहुतांशी हातानं सोलून खाल्ला जातो, सालं घरोघरी विखुरतात. ज्यूसवाल्याच्या गाडीवर दिवसभर साचलेली सालं गोळा करून खाद्य पेक्टिन करण्याच्या घोषणा मला पटत नाहीत. ती खताला किंवा बायोगॅसला जाऊ द्यावीत. पेक्टिन करायचंच, तर साल वाळवण्याचं यंत्र रस काढणाऱ्या कारखान्याच्या आवारातच हवं.