जुन्या लेथला संगणक: मागची सव्वादोनशे वर्षं

छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा-वाळूज पट्ट्यात हाताने चालणारा लेथ (फिरत्या धातूला टूलने कापून आकार देणारं यंत्र) सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आकड्यांवर चालणारा, करून घेण्याचा विषय निघाला, की काही जण त्याला सरळ जुगाड म्हणून मोकळे होतात. मला हे पटत नाही. आकड्यांवर चालणाऱ्या मशीनची सुरुवातच मुळी अशा रूपांतरातून झाली. अमेरिकेत मिशिगनमध्ये जॉन पार्सन्स हेलिकॉप्टरची पाती बनवत. पात्याच्या वक्रावरचे बिंदू ते पंचकार्डाच्या यंत्रावर काढून घेत आणि ते आकडे कामगारांना देत. एकाने एका अक्षाचं हँडल फिरवायचं, दुसऱ्याने दुसऱ्याचं. ते हँडल यंत्रानेच फिरवावं, ही पुढची कल्पना. १९४९ मध्ये अमेरिकी हवाई दलाचं कंत्राट मिळालं, काम तिथल्याच एमआयटी या तंत्रशिक्षण संस्थेच्या सर्व्हो प्रयोगशाळेत गेलं आणि १९५२ मध्ये तिथे प्रात्यक्षिक झालं. त्यासाठी नवं मशीन घडवलं नव्हतं. सिनसिनाटीच्या तयार हायड्रो-टेल मिलिंग मशीनला व्हॅक्यूम ट्यूब आणि रिले भरलेलं कपाट जोडलं होतं, आणि आकडे भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवरून वाचले जात.

लेथची कहाणी याहून जुनी आहे आणि ती आट्यांची आहे. साधं टर्निंग चांगला टर्नर नुसत्या हातावरही सुरेख करतो. आटे पाडताना मात्र काम धरून फिरवणाऱ्या चकाच्या प्रत्येक फेऱ्याला टूल नेमकं एका पिचइतकंच, म्हणजे दोन आट्यांमधल्या अंतराइतकंच, सरकलं पाहिजे. १८०० च्या सुमारास लंडनमध्ये हेन्री मॉडस्ले यांनी लीड स्क्रू (टूल पुढे नेणारा लांब स्क्रू), चेंज गियर आणि सरकता टूल पोस्ट एकाच भक्कम लेथवर आणले आणि चकाची फेरी टूलच्या चालीशी बांधून टाकली. आजही एम२० चे (२० मिमी व्यासाचे) आटे पाडायचे, म्हणजे २.५ मिमी पिच, आणि लेथचा लीड स्क्रू ६ मिमी पिचचा असेल तर गियर २५ ला ६० या प्रमाणात लावावे लागतात.

सीएनसी करताना हे गियर निघतात आणि स्पिंडलवर, म्हणजे चक फिरवणाऱ्या दांड्यावर, फेरी मोजणारा एन्कोडर बसतो. स्टेपर मोटर एका फेऱ्यात २०० पावलं टाकते. मोटर चालवणाऱ्या ड्रायव्हरवर प्रत्येक पावलाचे ८ भाग केले तर एका फेऱ्याला १६०० पल्स (विजेचे ठोके) लागतात. मोटर थेट ५ मिमी पिचच्या बॉल स्क्रूला (गोळ्यांवर सरकणाऱ्या नटच्या स्क्रूला) जोडलेली असेल तर एम२० साठी चकाच्या दर फेऱ्याला ८०० पल्स द्यायच्या, झालं! पुढचा कट त्याच आट्यात उतरावा म्हणून टर्नर डायलवर नजर ठेवून हाफ नट (टूलला लीड स्क्रूशी जोडणारा नट) टाकतो. इथे एन्कोडर दर फेऱ्याला एक इंडेक्स पल्स देतो आणि कंट्रोलर ती आल्याशिवाय टूल हलवत नाही. मॉडस्लेंनी दातांनी बांधलेलं नातं आता पल्सनी बांधलं जातं. म्हणूनच एन्कोडर न बसवता केलेलं काम मी अर्धवट मानतो.

आपल्याकडे हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर १९४१ मध्ये उभी राहिली, बंगळूरला एचएमटी १९५३ मध्ये, स्वित्झर्लंडच्या ऑर्लिकॉनच्या सहकार्याने. त्यांचे लेथ, आणि राजकोट-बटाल्याचे स्वस्त लेथ, गावोगावच्या वर्कशॉपांत गेले. मराठवाड्यात हे सगळं उशिरा आलं. १९४८ पर्यंत निजामाची राजवट, एमआयडीसीची स्थापनाच १९६२ ची, आणि वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना १९८५ चा. दुचाकीचे सुटे भाग पुरवणारे मागोमाग आले. हजारो नग, सगळे एकसारखे, मायक्रॉनचा हिशोब: इथे सीएनसीला पर्याय राहिला नाही.

पण मराठवाड्याचं काम तेवढंच नाही. जालन्याच्या री-रोलिंग मिलचे रोल, साखर कारखान्याचा घासलेला शाफ्ट, लातूरच्या डाळ मिलचा एखादा बुश, आणि तेही संध्याकाळपर्यंत हवं. एका नगासाठी प्रोग्रॅम लिहित बसायला वेळ नसतो. तिथे हातलेथच राजा. वीस-पन्नास नगांची मधली ऑर्डर मात्र हातावर करायची तर महाग पडते, आणि तेवढ्यासाठी नव्या सीएनसीचं कर्ज काढणं परवडत नाही. रूपांतराची खरी जागा ही आहे, असं माझं मत आहे.

ते आवाक्यात आलं ते संगणक स्वस्त झाल्यामुळे. १९७० च्या दशकात मायक्रोप्रोसेसर आले आणि कपाटं आटली. १९९० च्या दशकात अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी संस्थेने ईएमसी नावाचा कंट्रोलर लिहिला आणि तो सर्वांसाठी खुला झाला. त्याचाच वारस आजचा लिनक्ससीएनसी. पुढे माक३ हे पीसीवरचं सॉफ्टवेअर आलं. साध्या पीसीच्या प्रिंटर पोर्टमधून मोटरला पल्स जाऊ लागल्या.

एवढं होऊनही बिडाचं बेड आणि जुना स्क्रू आहेत तिथेच आहेत. टूल आडवं आत-बाहेर नेणाऱ्या क्रॉस स्लाइडमध्ये ०.१ मिमी प्ले, म्हणजे ढिलाई, असेल तर व्यासात ०.२ मिमीचा फरक पडतो. टर्नर नेहमी एकाच बाजूने हँडल आणून तो प्ले खाऊन टाकतो. कंट्रोलरला मात्र गोलाई काढताना दिशा बदलावीच लागते. सॉफ्टवेअर प्लेची भरपाई करतं, पण कटच्या जोराने टूल त्या फटीत ढकललं जातं ते त्याला थोपवता येत नाही. त्यासाठी प्रीलोड असलेला, म्हणजे ढिलाई उरणार नाही असा घट्ट बसवलेला, बॉल स्क्रूच हवा.

बेडचंही तसंच. वर्षानुवर्षं बहुतेक काम चकाजवळ होतं, म्हणून बेड तिथेच जास्त झिजतं. दोन सेंटरांत टेस्ट बार धरायचा, टूल वाहून नेणाऱ्या सॅडलवर डायल गेज लावायचा आणि सॅडल टेलस्टॉकपासून (लेथच्या दुसऱ्या टोकाच्या आधारापासून) चकापर्यंत सावकाश आणायचं. काटा सुरुवातीपासून एकसारखा सरकत गेला तर टेलस्टॉक सरळ करून भागतं. चकाजवळ येऊनच तो घसरला तर बेड आधी ग्राइंडिंगला पाठवायचं, मोटर आणि कंट्रोलरची ऑर्डर नंतर.