चप्पल स्टँड उंबऱ्याच्या आत कसा आला

घराचे फर्निचर ठरवायला बसले की चप्पल स्टँडचा विषय सगळ्यात शेवटी निघतो. किचन ट्रॉली, कपाटे, टीव्ही युनिट यांचे भाव ठरून चहा झालेला असतो आणि दारात उभे राहून गिऱ्हाईक म्हणते, "उरलेल्या प्लायमधून तेवढा एक चपलांचाही करून द्या." गेल्या काही वर्षांत मात्र या पुस्तीला अटी चिकटू लागल्या आहेत. वर बसून बूट घालता यावेत. आत पॉलिशची डबी नि ब्रश राहावा. ओल्या छत्रीला आणि हेल्मेटला जागा हवी, किल्ल्यांना हूक हवेत. आणि एवढे सगळे असून चपला दिसता कामा नयेत. संभाजीनगर, लातूर किंवा नांदेडच्या फ्लॅटमध्ये हे तीन-साडेतीन फुटांच्या भिंतीवर बसवायचे असते. एका खोक्यावर इतकी कामे का येऊन पडली, हे पाहायचे तर आधी जुन्या घराच्या दारात जाऊन उभे राहावे लागते.

मराठवाड्यातल्या वाड्यात चप्पल स्टँड नव्हता, कारण ढाळज होती, म्हणजे दाराच्या आतली ओट्यांची बैठक. दिंडीतून, म्हणजे मोठ्या दारातल्या लहान दारातून, वाकून आत आले की दोन्ही हातांना ओटे आणि मधून चौकाकडे जाणारी वाट. वहाणा ओट्याच्या पायथ्याशी, काठी कोपऱ्यात, घोंगडे खुंटीला, कंदील कोनाड्यात. चौकात रांजण, त्यातले पाणी तांब्याने पायावर घ्यायचे आणि मगच ओसरीवर चढायचे. ओट्याची उंची अशी की टेकून वहाण चढवताना कमरेला त्रास नाही. आज आम्ही फर्निचर करणारे ज्याला मल्टिपर्पज म्हणतो ते सगळे तिथे होते, फक्त ते दगडामातीचे होते आणि हलवता येत नव्हते. औशाकडच्या आमच्या आजोळी ढाळजेतल्या एका कोनाड्यात करडईच्या तेलाची बाटली आणि चिंधीचा बोळा असे. कोनाड्याखालची भिंत तेलाने काळपट झाली होती. वहाणांना तेल पाजायचे ते तिथेच बसून, उन्हाळा तोंडावर आला की. चाळीस अंशांच्या वर पारा जाणाऱ्या मुलखात कातडे वाळते, कडक होते आणि पंजाच्या घडीवर तडकते. करडई आमच्याकडचीच, म्हणून तेल तेच.

यामागची शिस्त बरीच जुनी आहे. बौद्ध भिक्षूंच्या नियमांचा ग्रंथ म्हणजे पाली विनयपिटक. त्यातल्या चुल्लवग्गात, विहारात बाहेरून येणाऱ्या भिक्षूने कसे वागावे याचे नियम आहेत. त्याने वहाणा काढाव्यात, खाली धरून झटकाव्यात, मग हातात घेऊन आत शिरावे. पाय धुवावेत. वहाणा पुसायचे फडके मागून घ्यावे, आधी कोरड्या फडक्याने पुसावे, नंतर ओल्या, आणि ते फडके धुऊन एका बाजूला पसरून ठेवावे. आलेल्या भिक्षूसाठी यजमानाने काय मांडून ठेवायचे तेही सांगितले आहे: पाय धुवायचे पाणी, पादपीठ आणि पादकथलिक, म्हणजे पाय टेकवायचा पाट आणि पाय घासायची फळी. पादत्राणांच्या निगेसाठी मांडलेल्या लाकडी सामानाचा याहून जुना उल्लेख माझ्या वाचनात नाही. अजिंठा, पितळखोरा आणि औरंगाबादच्या लेण्यांतले विहार आमच्याच डोंगरांत कोरलेले आहेत. पुढे ओसरी, मध्ये मंडप, कडेने खोल्या, आणि जवळपास पाण्याचे टाके. ही मांडणी आणि वाड्याची मांडणी शेजारी ठेवून पाहिली तर मला तरी फार अंतर वाटत नाही. आधी कोरडे, मग ओले हा क्रम आजही बरोबर आहे, फक्त तो पाळणारे कमी झाले.

आमच्या मातीत तर तो पाळावाच लागतो. काळ्या रानातली चिकणमाती पाण्याने फुगते आणि सुकली की आकसून तिला भेगा पडतात. पावसाळ्यात शेतातून आलेल्या माणसाच्या वहाणेला ही माती पायताणाच्या दुप्पट वजनाने लटकलेली असते. ती ओली असताना पुसायला गेले की शिवणीत घुसते. राहू दिली तर सुकून आपोआप खपल्यांनी सुटते. ओट्याच्या दगडी कडेवर वहाण आपटायची, काठीने खरवडायची, उरलेले उद्या बघू, हा अडाणीपणा नव्हता. मातीचा स्वभाव ओळखूनच ते चालले होते.

इथवरचे चित्र गोड वाटेल, पण ढाळजेतल्या वहाणांना एक दुसरीही बाजू होती. कोणाच्या वहाणा ओट्यापर्यंत येऊ शकतात आणि कोणाच्या दिंडीबाहेरच राहतात, हे जातीने ठरलेले होते. वरच्या जातीच्या घरासमोरून जाताना पायातले काढून हातात धरावे लागल्याच्या आठवणी अनेक गावांत आहेत. 'पायातली वहाण पायातच बरी' ही म्हण बायकांना आणि गावकुसाबाहेरच्या माणसांना उद्देशून सर्रास वापरली गेली. खेटर हा शब्द तर मारण्याच्या बाबतीतच जास्त ऐकू येतो. कातडे कमावणारा ढोर, त्याची वहाण शिवणारा चांभार, आणि त्यांनी केलेली वस्तू, सगळ्यांवर एकच विटाळ. ज्या वस्तूला शिवायचे नाही तिच्यासाठी घरात सागवानी कपाट कोण करणार? पाट झाले, चौरंग झाले, पाण्याच्या भांड्यांसाठी घडवंची झाली. गावच्या सुताराने घरातल्या बहुतेक प्रत्येक वस्तूला लाकडी जागा दिली, वहाणेला तेवढी दिली नाही.

वहाणांची खरी निगा घराबाहेर, चांभाराकडे होती. तो बलुतेदार. वर्षभर घरच्या वहाणा शिवायच्या, तुटलेले अंगठे जोडायचे, विहिरीतून पाणी ओढायच्या चामड्याच्या मोटेची डागडुजी करायची आणि सुगीला खळ्यावर धान्याच्या रूपात बलुते घ्यायचे. आजच्या भाषेत वार्षिक देखभाल करार, फक्त त्यात एका बाजूला नाही म्हणायची मुभा नव्हती. रापी, आरी, ऐरण आणि कातडे भिजवायची कुंडी एवढ्यावर त्याचे काम चाले. कातडे कमवायला लागणारी बाभळीची आणि तरवडाची साल रानातच मिळे. या ज्ञानातले घरात काही आले नाही, एक तेलाचा बोळा तेवढा आला. मग मोटा गेल्या, विहिरींवर इंजिने आणि पंप बसले. १९७२ च्या दुष्काळाने जनावरे आणि माणसे दोन्ही गावाबाहेर काढली. बलुत्याची घडी विस्कटली आणि चांभार तालुक्याच्या बसस्थानकाजवळ, झाडाखाली येऊन बसला. सरकारी कागदात तो आता 'गटई कामगार' आहे. १९७४ मध्ये स्थापन झालेले त्याच्यासाठीचे चर्मोद्योग महामंडळ संत रोहिदासांच्या नावाने आहे, आणि बसायला पत्र्याचा स्टॉल देण्याची शासनाची योजना आहे.

या सगळ्यात फर्निचर म्हणता येईल अशी एक वस्तू मात्र तयार झाली, आणि ती घरात झाली नाही. निजामाच्या राज्यात औरंगाबाद, जालना, हिंगोली इथे छावण्या होत्या. १९०० च्या सुमारास मनमाड-सिकंदराबाद रेल्वे जालना, परभणीवरून धावू लागली. शिपाई, गार्ड, तिकीट तपासनीस असा बूटवाला माणूस वाढला. बुटाला तेल चालत नाही, त्याला मेणाचे पॉलिश लागते. तेल कातड्यात मुरून त्याला मऊ करते. पॉलिशमधला टर्पेंटाइनसारखा द्रव उडून जातो, रंग आणि मेणाचा पातळ थर वर राहतो, आणि तो ब्रशने घासला की चमकतो. किवी ही पॉलिशची डबी ऑस्ट्रेलियात १९०६ मध्ये आली. चेरी ब्लॉसम इंग्लंडची, त्याच सुमाराची. पुढे बाटाने १९३० च्या दशकात बंगालमध्ये कारखाना काढला आणि काळा बूट शाळेपर्यंत पोचला.

आणि फलाटावर आली बूटपॉलिशवाल्याची पेटी. तिच्याकडे डिझायनरच्या नजरेने एकदा नीट पाहावे. वर तिरपी फळी, ग्राहकाचा पाय टेकवायला. आत खण, त्यात काळी नि तपकिरी डबी, दोन रंगांचे वेगवेगळे ब्रश, चकाकी आणायचे फडके. वाहून न्यायला पट्टा. ग्राहक नसेल तेव्हा तीच बसायची. आणि ब्रशच्या पाठीने तिच्यावर ठकठक केले की तीच जाहिरात. पाच कामे एका खोक्यात, तेही टाकाऊ फळ्यांतून. आमच्या व्यवसायात बक्षिसे मिळवणाऱ्या कित्येक वस्तूंना हे जमत नाही. ही पेटी पोरांनी करून घेतली आणि तिच्यावर कोणाचेही नाव नाही.

नांदेडला याच गोष्टीचे तिसरे रूप दिसते. गुरुद्वाऱ्यात जोडाघर असते. जोडे जमा करायचे, क्रमांकाचे टोकन घ्यायचे, जोडे खणात जातात. सेवा करणारे ते हातात घेतात, धूळ झाडतात, पुसतात. पुसणारा बाहेर मोठा व्यापारी असतो की कारकून, याला तिथे किंमत नाही. सचखंड श्री हुजूर साहिबच्या वाटेवर जोडे देणाऱ्या आमच्या भागातल्या माणसाला पहिल्यांदा थोडे अवघडल्यासारखे होते. आपली चप्पल दुसऱ्याने हातात घ्यायची हे आपल्याकडे सेवा म्हणून शिकवलेले नाही. उघडे खण, खेळती हवा, क्रमांक आणि बाजूला पुसायचे फडके: पादत्राणांचे चांगले कपाट कसे असावे, हे त्या जोडाघरात लिहून ठेवल्यासारखे आहे.

घरात स्टँड शिरला तो ढाळज गेल्यावर, आणि ती दोन वेगळ्या वाटांनी गेली. पहिली वाट नोकरीची. १९७० च्या दशकात सिडकोने औरंगाबादेत वसाहती उभारायला घेतल्या, पुढे वाळूजला कारखाने आले, आणि गावचा माणूस सिडकोच्या एन-अमुक सेक्टरमधल्या दोन खोल्यांत राहू लागला. दार उघडले की थेट हॉल. कारखान्याचे जड सेफ्टी शूज, पोरांचे शाळेचे काळे बूट, शनिवारच्या पीटीचे पांढरे कॅनव्हास, घरातल्या स्लीपर, सगळे दारामागे ढिगाने. आधी लोखंडी पट्ट्यांचा स्टँड आला, मग प्लास्टिकचा, मग सनमायका लावलेला प्लायचा.

दुसरी वाट एका रात्रीची. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचे माळवद, यांखाली हजारो माणसे गेली. पुनर्वसनात लातूर-उस्मानाबादकडची सुमारे पन्नास गावे नव्या जागी वसली. सरळ रस्ते, आखलेले प्लॉट, हलक्या छताची घरे. जिवावरचे संकट टळावे म्हणून ती तशीच हवी होती, त्याबद्दल वाद नाही. पण त्या आराखड्यांत ढाळज नव्हती. नंतर लोकांनी आपापल्या परीने दारापुढे पत्रे टाकले, ओटे बांधून घेतले. पुनर्वसित गावांतून हिंडताना दारापुढचे हे ओटे बघावेत. बैठक मोडली की माणूस पहिल्यांदा काय परत बांधतो ते तिथे दिसते.

म्हणजे आजचा बहुउद्देशीय स्टँड मागणाऱ्या गिऱ्हाइकाला खरे तर ढाळज हवी असते, फक्त ती साडेतीन फुटांत आणि प्लायमध्ये. गोची अशी की बाजारातले बहुतेक स्टँड चपला लपवण्यासाठी केलेले असतात, सांभाळण्यासाठी नव्हे. वर विटाळाबद्दल लिहिले, त्याची सावली इथेही आहे असे मला वाटते. दार घट्ट, पाठ बंद, म्हणजे वासही नको आणि दर्शनही नको. पण दिवसभर पायात असलेल्या बुटात घाम मुरलेला असतो आणि तो सुकायला एक दिवस जातो. जुलैत तो बंद खोक्यात टाकला की चौथ्या दिवशी पांढरी बुरशी. कातडे हे बुरशीचे अन्नच आहे. म्हणून दाराला जाळी किंवा तिरप्या पट्ट्या, पाठीला प्लायऐवजी मोकळीक, वर आणि खाली हवेला वाट.

मापांचे गणित सोपे आहे, पण बऱ्याच ठिकाणी तेच चुकते. पुरुषाचा बूट साधारण २८ ते ३१ सेंटिमीटर, म्हणजे आडव्या फळीला ३० ते ३५ सेंटिमीटर खोली हवी. तेवढी जागा नसेल तर पुढे कलणारे कप्पे करतात, ते १७ ते २४ सेंटिमीटर खोलीत भागते, पण त्यात सेफ्टी शूज मावत नाहीत आणि चिखल कप्प्यातच सुकतो. बसायची उंची ४२ ते ४५ सेंटिमीटर, म्हणजे खाली दोनच फळ्या मावतात. तिसरी हवी म्हणून हट्ट धरणाऱ्यांना बसताना गुडघ्यांना विचारायला सांगतो. सगळ्यात खाली काढता येणारा पत्र्याचा ट्रे, मातीच्या खपल्यांसाठी. ट्रेजवळचा प्लाय सातशे दहाचा, म्हणजे आयएस ७१० या मानकाचा, पाण्यात टिकणारा. साधा ३०३ ओल्या छत्रीखाली दोन पावसाळ्यांत फुगतो. पॉलिशचा खण दिव्यापासून लांब हवा, कारण त्यातला द्रव पेट घेतो, आणि फ्लॅटमध्ये देवघर नेमके त्याच भिंतीवर असते. ईशान्य दिशा नको, हे तर सुतारच आधी सांगतो.

स्टँड दाराबाहेर ठेवण्यावरून सोसायट्यांत वाद होतात. जिन्याची वाट अडते हे खरे, पण पाहणी करायला आलेल्या एका आजींनी मला निराळेच कारण दिले होते, "आत चपला म्हणजे घरात गावच आल्यासारखं." त्यांच्यासाठी दाराबाहेर उघडा बाक केला, खाली जाळी. सुनेने तो आठवड्यात आत घेतला.

मी करतो त्या प्रत्येक स्टँडच्या एका कडेला वीतभर उघडा कोनाडा सोडतो, तेलाच्या बाटलीसाठी आणि बोळ्यासाठी. गिऱ्हाईक विचारत नाही, मीही सांगत बसत नाही. सहा महिन्यांनी गेलो की तिथे बहुतेक घरी मोबाइलचा चार्जर असतो.